बाटलेला एप्रन

माझ्या आईला माझं नर्स होणं मान्य नव्हतं आणि मला तिचं सोवळं मान्य नव्हतं. लखनौमधल्या मानकनगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये या दोन गोष्टी एकाच छपराखाली राहत होत्या, आणि दोघींच्या मधोमध खुर्ची टाकून बाबा वर्तमानपत्र वाचत होते. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. लोक म्हणतात, वय झालं की जुना राग निवतो. माझा निवलेला नाही, आणि मी तो निववायला बसलेलीही नाही.

बाबा रेल्वेच्या संशोधन कचेरीत इंजिनियर. आम्ही मूळचे सांगलीकडचे. बदली होऊन लखनौला आलो तेव्हा मी रांगत होते. आईनं सांगलीहून देव आणले, खलबत्ता आणला आणि सोवळं आणलं. तिकडे माझ्या माम्यांनी ते केव्हाच खुंटीला टांगलं होतं. इकडे आईला अडवणारं किंवा हसणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ती स्वतःच धर्मशास्त्र होऊन बसली. सकाळी आंघोळ करायची, उंच वलणीवरची वाळलेली साडी काठीनं उतरवायची, ती नेसून स्वयंपाक करायचा. तो होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही आणि स्वयंपाकघराचा उंबरा कुणी ओलांडायचा नाही. भाजीवाल्या भैयाच्या हातावर ती पैसे वरून टाकायची. तो बिचारा म्हणायचा, "माताजी बड़ी धार्मिक हैं." मी मनात म्हणायची, तू तिच्या घरात राहून बघ.

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत मी दोनदा आपटले आणि घरात कुणालाही न विचारता नर्सिंगचा फॉर्म भरून आले. निवड झाल्यावर सांगितलं. आई म्हणाली, "कॉलनीत तोंड कुठं दाखवायचं मी?" बाबा म्हणाले, "बघू." पुढची साडेतीन वर्षं ते बघतच राहिले.

सुरुवातीला निभावलं, कारण मी हॉस्टेलवर राहायची आणि रविवारी घरी यायची. आलं की मागच्या दारानं न्हाणीघर, डोक्यावरून आंघोळ, कपडे बादलीत, मग घर. खरा पेच लेबर रूमची ड्युटी लागली तेव्हा पडला. मूल जन्मलं की त्या घराला दहा दिवस सोयर, माणूस गेलं की सुतक. मग जिच्या हातावर रोज कुणाचं ना कुणाचं मूल जन्मतं आणि जिच्या वॉर्डात रोज कुणी ना कुणी जातं, त्या मुलीचं काय? मला ही थट्टा वाटायची, पण आईला हे कोडं खरोखरच पडलं होतं. सत्यनारायणाला आलेल्या आमच्या मराठी गुरुजींना तिनं ते भर पूजेत विचारलं. गुरुजी हसले. म्हणाले, "वहिनी, सोयर असतं भावकीला. दाईला कसलं सोयर? दाईनं स्नान केलं की संपलं."

आईची सोयरातून सुटका झाली, पण 'दाई' तिच्या घशात अडकली. गुरुजी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिनं कसाबसा दम धरला.

"ऐकलंस? दाई म्हणाले तुला. सगळ्यांसमोर."

"मग काय चुकीचं म्हणाले?" मी विचारलं.

त्या दिवशी मला प्रसाद मिळाला नाही.

शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर हॉस्टेलचे पाइप फुटले. दुरुस्ती निघाली आणि ज्यांची घरं लखनौत होती त्या मुलींना तयारीच्या सुट्टीत घरी पाठवून दिलं. म्हणजे सगळ्यात अवघड अभ्यास मला आईच्या राज्यात करायचा होता. ही परीक्षा साधी नव्हती. ती पास झालं की राज्याच्या कौन्सिलमध्ये तुमचं नाव नोंदलं जातं, आणि नाव नोंदलं गेलं की तुम्ही नर्स. नाही तर तुम्ही साडेतीन वर्षं बेडपॅन धुतलेली एक बारावी पास मुलगी. अधलंमधलं काही नाही. आणि सगळ्यात शेवटी असायचं ते प्रसूतिशास्त्राचं प्रात्यक्षिक, खऱ्या लेबर रूममध्ये, बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकासमोर.

पहिल्याच संध्याकाळी आईनं सौदा मांडला. गोमतीनगरात एक मराठी कुटुंब होतं. मूळचे कोल्हापूरचे, मुलगा बँकेत ऑफिसर, स्वतःचं घर. त्यांना सून हवी होती, पण नोकरी करणारी नको होती. आई म्हणाली, "पास झालीस तर तू म्हणशील ते. तुझी नोकरी, तुझं क्वार्टर, मी तोंड उघडणार नाही. नापास झालीस तर मी म्हणेन ते. मग पुन्हा परीक्षा नाही, हॉस्पिटल नाही, फाल्गुनात लग्न. अहो, ऐकताय ना?"

बाबांनी पेपर खाली न घेता हुंकार भरला. मी तो हुंकार साक्ष म्हणून धरला. हुंकार म्हणजे साक्ष नव्हे, तेवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

मला मागच्या व्हरांड्यातली खाट मिळाली. लखनौचा जानेवारी ज्यानं काढलाय त्यालाच कळेल. आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, धुकं जाळीतून आत येतं आणि पुस्तकाची पानं हाताला ओली लागतात. मी दोन स्वेटर चढवून, पायांवर रजई घेऊन, मोठ्यानं पाठ करायची. आमच्या परीक्षेत नुसतं येऊन भागत नसे, क्रमानं यावं लागे. बाळंतपणाच्या ट्रॉलीवर वरच्या कप्प्यात काय, खालच्या कप्प्यात काय. वर कात्री, चिमटे, नाळ बांधायचा दोरा, कापसाचे बोळे, बाळाच्या तोंडातला चिकटा ओढायची रबरी नळी. खाली रबरी कापड, बाळाचं दुपटं, वार ठेवायचं भांडं. एखादी वस्तू मागंपुढं झाली की आमच्या सिस्टर ट्यूटर टेबलावर पट्टी आपटून म्हणायच्या, "बच्चा गिर गया. फिर से." त्या पट्टीच्या हिशेबानं मी साडेतीन वर्षांत शेकडो बाळं पाडली असतील.

मी व्हरांड्यात सुरू केलं की आत आईची स्तोत्रं सुरू व्हायची. एरवी तिची पूजा सकाळी आटपायची. त्या महिन्यात ती दुपारीही चालू लागली. मी 'नाळ' म्हटलं की आतून घंटा. मी आवाज चढवला की तीही चढवायची. कुंपणापलीकडची भाभी एकदा मला म्हणाली, "आपके यहाँ तो दिन भर पाठ चलता है, कितना अच्छा लगता है." मी तिला हो म्हटलं. काय सांगणार कपाळ!

मधून मधून मला सरावासाठी हॉस्पिटलात जावं लागे. परत आले की मागच्या दाराशी बादली तयार असायची. लाइट असली तर रॉड लावून पाणी कोमट करायला मिळे, नसली तर तसंच. केसांवरून पाणी ओतताना मी आईला मोठ्यानं शिव्या घालायची. मराठीत घालायची, म्हणजे कॉलनीला कळू नयेत. बाहेरून ती म्हणायची, "बोल, बोल. तोंडही धुऊन घे त्याच पाण्यानं." जेवायला बसले की पोळी ती वरून सोडायची. एकदा ती ताटाबाहेर पडली. मी उचलली नाही, तिनं उचलली नाही, आणि बाबा त्या पोळीला वळसा घालून हात धुवायला गेले.

सगळ्यात जास्त सराव करावा लागे तो बाळाचं डोकं जन्माच्या वेळी कसकसं वळतं ते दाखवायचा. नर्सिंगच्या शाळेत त्यासाठी कमरेच्या हाडांचा सांगाडा आणि कापडी बाहुली होती. घरी मी पुठ्ठ्याच्या खोक्याला बेतानं भोक पाडलं आणि माझी लहानपणची रबरी बाहुली माळ्यावरून काढली. हनुवटी छातीला, डोकं खाली, मग वळण, मग मान वर, मग खांदे. माझी ही बाळंतपणं दिवसभर चालायची.

संक्रांतीचं हळदीकुंकू आईनं नेमकं याच महिन्यात मोठं केलं, आणि गोमतीनगरच्या त्या बाईंनाही बोलावलं. मला बाहेर यायचं नाही अशी ताकीद होती, कारण आदल्या दिवशी मी लेबर रूममधून आले होते आणि नुसत्या आंघोळीवर आईचा भरवसा नव्हता. मी व्हरांड्याचं दार लोटून सराव करत होते. बाहुली खांद्यापर्यंत बाहेर आली होती आणि मी तिला हळूच खाली ओढत म्हणत होते, "ज़ोर लगाओ, शाबाश, अब मत लगाओ." एवढ्यात दार उघडलं. बाथरूम शोधत त्याच बाई आल्या होत्या. त्यांनी खोकं पाहिलं, बाहुली पाहिली, मला पाहिलं.

त्यांच्यामागून आई धावत आली. "बालवाडीचा कोर्स करतेय ती," आई म्हणाली. "लहान मुलांना गोष्टी सांगायच्या असतात ना, त्याची तयारी."

बाई "अच्छा" म्हणाल्या आणि बाथरूमला गेल्या. सोवळ्यात खोटं बोललेलं चालतं का, हे गुरुजींना विचारायचं माझ्या मनात होतं.

लेखी पेपर बरे गेले. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी प्रश्न उभा राहिला गणवेशाचा. माझ्याकडे दोन जोड होते, पण एकावर जांभळ्या औषधाचे डाग पडले होते आणि ते औषध जन्मात निघत नाही. डागाळलेला गणवेश घालून आलेल्या मुलीला दारातूनच परत पाठवायचे. राहिला एक. पांढरा सलवार-कुर्ता, वर खळ घातलेला पांढरा एप्रन आणि टोपी. दोन दिवसांपूर्वी धुऊन वाळत घातलेला तो जोड धुक्यात वाळायलाच तयार नव्हता. हाताला गार, दमट लागत होता. मी तो दोरीवरून काढून खाटेवर पसरला आणि डोकं धरून बसले.

तेव्हा बाबांनी जन्मात पहिल्यांदा घरातल्या एका गोष्टीला हात लावला. रात्री आई झोपल्यावर, मी तोंड धुवायला गेले असताना त्यांनी तो गणवेश उचलला आणि स्वयंपाकघरात शेगडीवरच्या वलणीवर नीट पसरून टाकला. आईच्या सोवळ्याच्या वलणीवर. मला म्हणाले, "तिथं ऊब असते. सकाळपर्यंत कडक होईल." मला खरंच बरं वाटलं. त्या घरात माझ्या बाजूनं कुणीतरी काहीतरी केलं होतं.

सकाळी उठले तर गणवेश बादलीत होता. पूर्ण बुडवलेला, टोपीसकट. आई ओलेत्यानं स्वयंपाकघर पुसत होती.

"आई, हे काय केलंस?"

"मी काय केलं? तू काय केलंस ते सांग! दवाखान्याची वस्त्रं माझ्या सोवळ्यावर टाकलीस. सगळं बाटलं. आज स्वयंपाक कसा करू मी?"

"आज माझी परीक्षा आहे."

"मग शुद्ध होऊन जा."

मी बाबांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. मी थांबले. चांगली थांबले. ते म्हणाले असते, 'अगं, मी टाकला', तर आई त्यांच्यावर ओरडली असती, एवढंच झालं असतं. गणवेश काही वाळला नसता. पण त्यांनी मूग गिळले. मला तेव्हा कळलं की आई निदान समोरून वार करते. तिच्याशी भांडता येतं. या माणसाशी कशानं भांडायचं?

इस्त्री फिरवावी म्हटलं तर लाइट गेलेली. मी एप्रन पिळला, कुर्ता पिळला, अंगात घातला, वर स्वेटर चढवला आणि निघाले. आई मागून म्हणाली, "दही खाऊन जा हातावर." मी वळले नाही. सहा आसनी टेंपोत शेजारी बसलेला माणूस माझ्यापासून सरकून बसला, कारण त्याची पँट माझ्यामुळे ओली व्हायला लागली होती.

परीक्षक बाईंची कीर्ती आमच्या कानावर आधीच आली होती. मोठ्या अंगाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मुली नापास करण्यात हात सढळ. लेबर रूमच्या दाराशी स्वेटर काढून ठेवायचा नियम होता. मी काढला. टोपी भिजलेल्या पापडासारखी कपाळावर आली होती.

"ये क्या पहन के आई हो?"

"मैडम, यूनिफॉर्म गीला रह गया."

"वो तो दिख रहा है. क्यों?"

मला वाटलं खरं सांगावं. खरं सांगितलं तर दया येईल, निदान एवढी तरी आशा होती. "माँ ने भिगो दिया. रसोई में टँगा था, उनको छूत लग गई."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तो? मरीज़ का इसमें क्या क़सूर है? हाथ धोओ."

मला त्या क्षणी त्या बाईचा जेवढा राग आला तेवढा आईचाही आला नव्हता. पण मी हात धुतले.

मला दिलेली बाई उन्नावकडची होती. पहिलटकरीण, कळा सुरू झालेल्या. तिच्या पोटावर हात ठेवून मी बाळाची पाठ कुठं, डोकं कुठं, ते सांगितलं. ती माझा हात धरून म्हणाली, "दीदी, तुम तो हमसे भी ज़्यादा काँप रही हो." वॉर्डातली आया हसली. परीक्षक हसल्या नाहीत.

मग हात स्क्रब करायचे होते. कोपरापर्यंत घासायचे, बोटं वर धरायची, म्हणजे पाणी बोटांकडून कोपराकडे उतरतं आणि स्वच्छ भागावर मागं येत नाही. मी घासले. हात वर धरले. आणि पाहिलं तर दंडाशी दुमडलेल्या बाहीतून पाणी झिरपत होतं. आता नुसतं झिरपत होतं. मी ट्रॉलीवर ओणवी झाले असते तर ते थेट उकळून काढलेल्या हत्यारांवर ठिबकलं असतं. सिस्टर ट्यूटरांनी शिकवलेलं एक वाक्य पक्कं होतं: ओलं ते मैलं. कोरड्या कापडातून जंतू जात नाहीत, ओल्यातून जातात.

"मैडम, मुझे गाउन चाहिए. बाँह गीली है, ट्रॉली खराब हो जाएगी."

वॉर्डाच्या सिस्टर उसळल्या. निर्जंतुक गाउन म्हणे डॉक्टरांसाठी असतात, विद्यार्थिनींना परीक्षेत कुणी देत नाही, नखरे बंद करा. मी म्हटलं, मग मी सुरू करणार नाही. इकडे आड तिकडे विहीर. सुरू केलं तर चूक, नाही केलं तर नापास, आणि नापास म्हणजे फाल्गुन आणि गोमतीनगर. मी हात वर धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात ती आया माझी लोंबणारी टोपी सरळ करायला जवळ आली. भल्या मनानंच आली.

"छूना मत!" मी ओरडले. "दूर! दूर से!"

ती दचकून मागं झाली. आणि मी माझाच आवाज ऐकला. तो माझ्या आईचा होता. तीच पट्टी, तोच 'दूर', तसेच अंगापासून लांब धरलेले हात. मला इतकी किळस आली की काय सांगू. जिच्याविरुद्ध साडेतीन वर्षं लढले ती माझ्या गळ्यात बसून बोलत होती, आणि वर बरोबरही होती.

परीक्षकांनी वॉर्डाच्या सिस्टरकडे न बघताच सांगितलं, "गाउन दे दो."

गाउन आला. मी तो शिकवल्यासारखा आतून धरून घातला, बाहेरून कुठंही बोट लावलं नाही. ट्रॉली लावली. "ऊपर?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "नीचे?" सांगितलं. मधूनच त्यांनी उलट क्रमानं विचारलं, तेही सांगितलं. उन्नावच्या बाईला तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली, तोवर माझा एप्रन अंगावरच वाळला होता. परीक्षक जाताना मला काही बोलल्या नाहीत. 'शाबाश' नाही, काही नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला वागवलं ते नर्ससारखं, एवढं मात्र मान्य करते.

निकाल लागला. मी पास झाले. कौन्सिलमध्ये नाव गेलं, एका हॉस्पिटलात नोकरी मिळाली, राहायला तिथल्याच क्वार्टरमधली एक खोली ठरली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. घरी येऊन सांगितलं तेव्हा आईनं देवापुढं साखर ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं. शिकलेली मुलगी म्हणून सांगता येईल. गोमतीनगरच्या बाई रविवारी येताहेत."

"कशाला? आपलं ठरलं होतं."

"बघून तर घेऊ दे त्यांना. पास झालीस म्हणून काय जन्मभर तशीच राहणार आहेस?"

मी म्हटलं, "बाबा, ठरलं होतं की नाही?"

"नुसता चहा तर आहे," बाबा म्हणाले. "चहानं काय होतंय?"

म्हणजे छापा आला तरी तिचा आणि काटा आला तरी तिचाच. मी सौदा जिंकून हरले होते. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी ते त्यांना दिसू दिलं नाही. ठरवलं, रविवारी एकदाच बोलायचं आणि सगळं उधळून लावायचं.

रविवारी बाई एकट्याच आल्या. मुलाला बँकेचं ऑडिट होतं. आईनं पोहे केले होते. बाई स्वच्छ, नेटक्या, हळू बोलणाऱ्या. मी चहा दिला आणि समोर बसले.

"काकू, एक सांगायचं राहिलंय. मी बालवाडीचा कोर्स केलेला नाही. मी नर्स आहे. बाळंतपणं करते, बेडपॅन देते, मेलेल्या माणसांना आंघोळ घालते. सोमवारी रुजू होतेय."

आईचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं काम.

बाईंनी पोह्यांचा घास शांतपणे खाल्ला. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "खोक्यातून बाहुली ओढणारी बालवाडीची बाई मी तरी पाहिली नव्हती. तेव्हाच चौकशी केली. आधी जरा कसंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ह्यांना म्हटलं, अहो, उलट बरंच झालं की. आमचे मामंजी दोन वर्षं अंथरुणावर आहेत. सगळं जागेवरच. कामाला ठेवलेल्या बायका टिकत नाहीत. घरातलीच जाणती सून असली तर सोन्याहून पिवळं. म्हणजे मग बाहेरच्या नोकरीची तिला गरजच नाही."

मी आईकडे पाहिलं. जी बाई माझ्या ताटात पोळी वरून सोडत होती ती आता काय म्हणते, हे मला ऐकायचं होतं.

"हो ना," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "तिला सवय आहे सगळ्याची. किळस म्हणून नाहीच तिला. आणि आमच्या घरात हे नवीन नाही हो. माझ्या सासूबाई किती तरी वर्षं खिळून होत्या. इकडे यायच्या आधी, सांगलीत. हागणं-मुतणं, जखमा, सगळं मीच काढलं. रोज काढायचं, आंघोळ करायची, सोवळं नेसायचं, स्वयंपाक करायचा. बायकांना काय सुटतं का ते?"

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण तेव्हा विचार करायला उसंत नव्हती, मी तापले होते.

"काकू, करीन की मी," मी म्हटलं. "माझी ड्युटी आठ तासांची. रात्रीला दुसरी ठेवावी लागेल, आठवड्याला एक सुट्टी. आणि पगार हॉस्पिटल देतं तेवढा. पगाराशिवाय मी कुणाचं काही काढत नाही."

बाईंनी बशी खाली ठेवली. "फटकळ आहे हो मुलगी," एवढंच आईला म्हणाल्या आणि पर्स उचलली. आई त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेली. मला आतून ऐकू येत होतं, "मनानं चांगली आहे हो, तोंडच तसलं." बाईंची रिक्षा निघून गेली.

मी तयारीत उभी होते. ती येऊन काय काय म्हणेल ते मला पाठ होतं आणि माझी उत्तरंही पाठ होती. आई आत आली. ती बाईंच्या खुर्चीत बसली. तिनं अर्धे राहिलेले पोहे बाजूला सारले.

"किती देतात गं याचे?" तिनं विचारलं.

"कशाचे?"

"हेच. अंथरुणावरच्या माणसाचं करायचे."

मी आकडा सांगितला.

"वर्षाला?"

"दर महिन्याला, आई."

तिनं बोटांवर वर्षं मोजली. मला तिची दया आली नाही. साडेतीन वर्षांची गार बादली एका प्रश्नानं कोमट होत नाही. मग ती बाबांकडे वळली.

"तुमच्या आईनं मला साधं 'बरं केलंस' एवढंही कधी म्हटलं नाही," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "अगं, ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?" आईनं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत तिथंच बसून राहिली.